सव्वा मिनिटाचं मशीन

"चाचा, या चार ओळी काहीच काम करत नाहीत," ज्ञानेश म्हणाला. "नुसत्या गरागरा फिरतात आणि वेळ खातात. मी काढून टाकल्या. आता बघा, झटकन चालू होतंय."

"परत घाल," मीरासाहेब म्हणाले.

"अहो, पण कशाला?"

"घाल म्हणतो ना बाबा!"

ज्ञानेश वरच्या मजल्यावरचा. चाकणच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा, दोन लेकरांचा बाप. म्हाताऱ्याला हे खूळ लावलं त्यानंच. जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम त्यानं लॅपटॉपवर टाकून दिला होता. बंद-चालू करायला पडद्यावर एक लाल बटणही काढून दिलं होतं. पण मशीनला जागं करणारा, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम असायचा एका चिपमध्ये, आणि ती चिप मशीनसकट कधीच भंगारात गेली होती. मीरासाहेबांच्या त्या जुन्या कंपनीचंही टाळं गंजलं होतं. मग मीरासाहेबांनी तो प्रोग्रॅम आठवून आठवून स्वतःच लिहायला घेतला. पासष्टाव्या वर्षी! चार महिने लागले, दोन वह्या भरल्या. बायको विचारायची, "काय चाललंय हो एवढं?" हे म्हणायचे, "काही नाही गं, टाइमपास."

कसला टाइमपास! सगळा खटाटोप तिच्यासाठीच तर होता.

अडतीस वर्षांपूर्वी पिंपरीच्या त्या कंपनीच्या स्टोअरमध्ये दोन कॉम्प्युटर होते. एकावर शालनबाई बसायच्या. दुसऱ्यावर दापोडीहून येणारी, मान वर न करणारी गुलशन. मीरासाहेब मेंटेनन्सला. मशीन चालू केलं की ते आधी आपली मेमरी मोजायचं. पडद्यावर एक ते चौसष्ट आकडे पळायचे. चार सेकंदांत खेळ खलास. आता चार सेकंदांत माणूस बोलणार तरी काय? तेव्हा या पठ्ठ्यानं एका रविवारी ओव्हरटाइमच्या नावाखाली गुलशनच्या मशीनची चिप काढली, तिच्यातला प्रोग्रॅम पुसला, आणि नुसत्या गरागरा फिरणाऱ्या चार ओळी घालून परत भरला. सोमवारपासून ते मशीन सव्वा मिनिट मोजत बसायला लागलं. आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन मीरासाहेब शेजारी हजर. "वायर बघतो जरा." वायरीला काय धाड भरली होती? पण त्या सव्वा सव्वा मिनिटांतूनच दोघांचं जमलं.

फक्त मध्ये एक मेमो आला. 'मशीन वारंवार बंद, नोंदी उशिरा.' मेमो गुलशनच्या नावावर. ती स्टोअरच्या मागे जाऊन रडली. तिचे वडील म्हणाले, नोकरी सोड. नोकरी कशीबशी वाचली, पण मीरासाहेबांची जीभ उचलली नाही. ओळी काढायला गेलो आणि पकडलो गेलो तर, ही भीती. पुढे लग्न झालं, मुली झाल्या, त्या सासरी गेल्या. आपल्यापायी तिला बोलणी खावी लागली, ही गोष्ट मात्र त्यांच्या मनातून कधी हलली नाही. आज मशीन दाखवायचं ते त्या चोरीसकट, आणि कबूल करून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ज्ञानेश ओळी परत घालून वर गेला. मीरासाहेबांनी हाक मारली. गुलशन ओढणीला हात पुसत आली.

"बस इथं. ते लाल बटण दाब."

तिनं दाबलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"या अल्ला! हे तर माझं मशीन!" ती खुर्चीवर पुढं सरकली. चष्मा नाकावर घट्ट केला. एक. दोन. तीन. आकडा रमतगमत निघाला. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. आता हे हसू आपणच पुसणार, असं मीरासाहेबांना वाटलं. तरी वीस झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"गुलशन, हे मशीन मुळात एवढं हळू नव्हतं. मी केलं होतं. तुझ्याजवळ उभं राहायला मिळावं म्हणून. तुला मेमो आला तो माझ्यामुळे. माफ कर मला."

ती पडद्याकडेच बघत होती. एकतीस. बत्तीस.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"शालनबाई रजेवर गेल्या तेव्हा मी त्यांच्या मशीनवर बसले होते. ते चुटकीसरशी चालू झालं. मग माझंच का रखडतं, एवढं कळायला काय कॉलेजात जावं लागतं?"

मीरासाहेब बघतच राहिले. "मग बोलली का नाहीस? त्या मेमोपायी किती रडलीस!"

"रडले, कारण चूक माझी होती." तिचे कान लाल झाले. साठीची बाई, पण झाले. "सकाळच्या सव्वा मिनिटासाठी कोण मेमो देतंय हो? तुम्ही सकाळी एकदाच यायचात. मग जेवून आले की मी चांगलं चालणारं मशीन बंद करायचे. तीनच्या चहानंतर परत. आणि मेंटेनन्सला निरोप धाडायचे."

आकडा चौसष्टवर जाऊन थांबला. मशीन तयार होतं.

गुलशननं लाल बटण दाबलं. पडदा काळा झाला. तिनं ते पुन्हा दाबलं. एक. दोन.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "वायर बघा."