उंचीची पट्टी

“काकू, ही मुलगी शेवटी केवढी उंच झाली?”

दुकानातल्या काकू फटकळ दिसत होत्या, म्हणून मैत्रिणींनी हे विचारायला तिलाच पुढे ढकललं होतं. जुन्या घराचं म्युझियम बघून झालं की बाहेर पडताना हे भेटवस्तूंचं दुकान लागायचं. तिथे उंची मोजायची लाकडी पट्टी होती. त्या घरातल्या मुलीच्या, दारावर केलेल्या खुणा या पट्टीवर जशाच्या तशा उतरवल्या होत्या. पाच वर्षं, आठ, बारा, चौदा.

विचारणारी स्वतः वर्षभरात ताडमाड वाढली होती. ‘बुटकी’ म्हणणाऱ्या मैत्रिणी आता मान वर करून बोलायच्या. आई तर तिच्या कानापर्यंतच यायची. तोकडे झालेले कपडे मावसबहिणीला द्यायला आजच गाडीत ठेवले होते.

“उभी राहा बघू,” काकू म्हणाल्या. “टाचा टेकव.”

ती ऐटीत उभी राहिली. डोकं बरोब्बर चौदाच्या खुणेला लागलं.

“मग पुढच्या खुणा कुठायत?”

“खाली बघ.”

पंधराची खूण चौदाच्या खाली होती. सोळाची त्याच्याही खाली. अठराची अगदी जमिनीलगत.

“बुटकी!” मैत्रिणी खिदळल्या.

ती धावतच बाहेर आली. आईबाबा गाडीपाशी उभे होते. आईने तिच्या कपाळावरची बट सारखी केली, आणि त्यासाठी तिला हात उंच करावा लागला नाही.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “ते जुने कपडे कुणालाच द्यायचे नाहीत. मला लागणार आहेत.”