हातांचं वळण

बॅले शिकवणाऱ्या बाईंचा गुडघा ऐन तरुणपणी कामातून गेला. स्वतःचं जे नाचायचं राहिलं, ते त्यांनी नऊ वर्षं जीव ओतून एका विद्यार्थिनीच्या अंगात उतरवलं. "पाय कुणीही शिकवेल गं, पण भाव हातांत असतो. हात माझ्याकडूनच घे," असं त्या तिला सांगत. मोठ्या नृत्यसंस्थेने पोरीला निवडलं, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

सहा महिन्यांनी तिचा पहिला प्रयोग झाला. पडदा पडताच बाई लंगडत आत गेल्या. पोरीने धावत येऊन त्यांना घट्ट मिठी मारली.

 

"बाई, पाहिलेत ना माझे हात? जुनं वळण मोडायलाच सहा महिने लागले!"