चेहरा लक्षात होता

"कार्डावर लिहू नका," आजी म्हणाल्या. "मुलगा बघतो. घर डोक्यावर घेईल."

बुधवार, लसीकरणाचा दिवस. कार्डाशिवाय सुई नाही, हा सिस्टरचा एकवीस वर्षांचा नियम. पण आजी चोरीचा माल आणावा तसं बाळ शालीत लपवून आल्या होत्या.

"नऊ महिने पूर्ण झालेत. गोवराची द्या. मुलानं फोनवर काहीतरी वाचलंय, तेव्हापासून घरात तोच डॉक्टर. सून त्याच्याच तालावर."

सिस्टरनं नियम मोडला. दंडावर सुई टोचताच बाळानं असा टाहो फोडला की बाहेरची रांगही रडू लागली. पिवळं टोपरं, डाव्या गालावर खोल खळी. सिस्टर नावं विसरायची, चेहरे कधीच नाही. कंपाउंडर म्हणायचा, रजिस्टर फेकून द्या, बाईंनाच कपाटात ठेवा.

"अर्धा तास बाहेर थांबा. ताप आला तर हे थेंब द्या. दंड चोळू नका."

"आज एवढंच जमलं हो. पुढच्या बुधवारी येते परत."

"पुढच्या बुधवारी कशाला? आता एकदम दीड वर्षाला."

"तोवर काहीच नको?"

"काही नको. निर्धास्त राहा."

मोठ्या माणसांशी वाद घालायची आजींना सवय नव्हती, आणि पांढऱ्या कपड्यातलं प्रत्येक माणूस त्यांना मोठंच वाटे. त्या निर्धास्त झाल्या.

पुढच्या बुधवारी पिवळं टोपरं पुन्हा दारात. या वेळी एका भेदरलेल्या तरुण बाईच्या कडेवर.

"कार्ड नाही आणलं. नवऱ्याला कळलं तर संपलंच. आणि सासूबाई तर लेकाच्याच बाजूच्या."

सिस्टरनं हसू दाबलं. एकाच चांगल्या कामासाठी अख्खं घर एकमेकांना फसवत होतं. तिनं खळी बघितली. दंड बघितला, खूणसुद्धा उरली नव्हती. आपला हात खरंच हलका, असं तिला वाटलं. गेल्या आठवड्यात आकांत करणारं बाळ आज संतासारखं टुकूटुकू बघत होतं.

"झालीय याला. सासूबाईच घेऊन आल्या होत्या, गुपचूप."

"सासूबाई?" तिनं बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "नक्की?"

"चेहरा विसरत नाही मी. पण त्यांना विचारू नका हं. शब्द दिलाय."

"म्हणजे माझं कामच उरलं नाही," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

दोन महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या बालविभागातून सिस्टरला निरोप आला. खाटेवर तेच बाळ, अंगभर पुरळ, नाकाला ऑक्सिजनची नळी. गोवर छातीत उतरला होता. "सासूबाईंना मी काहीच विचारलं नाही," आई म्हणाली. तिनं सिस्टरचा शब्द पाळला होता.

सिस्टर खाली आली. फ्रिजच्या तापमानाची वही चाळली. दोन ते आठ अंशांच्या बाहेर पारा एकदाही गेला नव्हता, म्हणजे लस खराब झाली नव्हती. कुपीवरच्या, उष्णता लागली की बदलणाऱ्या खुणेचा रंगही बरोबर होता, तिला आठवत होतं. मग चुकलं कुठं? ती पुन्हा वर गेली.

फोनवर वाचणारा बाप खाटेचा दांडा धरून उभा होता.

"लस दिली असती तर हे झालं नसतं ना, सिस्टर?"

आयुष्यभर हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती वाट बघत होती. आता त्यावर हो म्हणता येत नव्हतं.

"दिली होती," ती म्हणाली. "मी माझ्या हातानं दिली होती."

दार ढकलून आजी आत आल्या. खाटेवरचं बाळ खाटेवरच होतं, आणि त्यांच्या कडेवरही तेच बाळ होतं. डाव्या गालाची खळी पाडत, खुळखुळा चावत, ठणठणीत.