मास्तरांच्या खोड्या

"आज खोडी सापडली नाही, तर पुन्हा विमान धुवायचं ना गं?" कुंपणापलीकडून आईने विचारलं.

"तूही ये मदतीला. मी नुसतं पाणी ओतेन," भिंगरी म्हणाली आणि विमानाकडे सुटलीच.

शाळेत तिला कुणी भिंगरी म्हणत नसे. हे नाव फ्लाइंग क्लबमधलं, मास्तरांनी ठेवलेलं. पहिल्याच दिवशी तिने त्या छोट्या पांढऱ्या विमानाभोवती गरागरा फिरून "हे कधी उडवायचं, हे कधी उडवायचं" असं त्यांचं डोकं खाल्लं होतं. आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. म्हणजे, मास्तर हो म्हणाले तर. गेल्या आठवड्यात ते साफ नाही म्हणाले होते, कारण शेपटीला बांधलेली दोरी तिच्या नजरेतून सुटली होती.

ती दोरी बांधली होती मास्तरांनीच. त्यांची शिकवायची रीतच तशी होती. धड्याआधी विमानात गुपचूप एखादी खोडी करून ठेवायची आणि विद्यार्थ्याला तपासायला सोडायचं. सापडली तर आकाश, नाही सापडली तर बादली आणि फडकं. प्रत्येक खोडीमागे कुठे तरी घडलेला अपघात असायचा आणि मास्तरांनी त्या त्या वैमानिकाचं बारसं करून टाकलेलं असायचं. दोरीवाला, म्हणजे घाईत शेपटीची दोरी न सोडताच निघालेला. दारवाला, ज्याचं दार धावपट्टी सोडताच उघडलं आणि ते ओढून घेण्याच्या नादात जो विमान चालवायचंच विसरला. आणि भिंगरीचा सगळ्यात लाडका टाकीवाला! त्याच्या एका पंखातली टाकी काठोकाठ भरलेली होती, पण पठ्ठ्याने पेट्रोल घ्यायचा खटका दुसऱ्या, रिकाम्या टाकीवरच ठेवला. इंजिन बंद पडलं आणि स्वारी थेट ओढ्यात.

"यांच्यातल्या एकालाही उडवता येत नव्हतं असं नाही," मास्तर सांगायचे. "सगळे झकास उडवायचे. म्हणून तर बघायचं सोडून दिलं होतं."

आज मास्तर हँगरच्या सावलीत खुर्ची टाकून चहा पीत होते.

"या, भिंगरीबाई. एकदा बघून घ्या, की निघू."

"एवढ्या सहज? चेहरा फारच साळसूद दिसतोय, मास्तर. म्हणजे आज मोठा डाव आहे."

"काही नाहीये गं."

"दोरीच्या दिवशीही हेच म्हणाला होतात!"

मास्तर हसले आणि चहात बिस्कीट बुडवायला लागले.

भिंगरीने नाकापासून सुरुवात केली. पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवला. मग इंजिनावरचं छोटं झाकणवजा दार उघडलं आणि आनंदाने चित्कारलीच. तेलाची बुची नुसती टेकवलेली होती, पिळलेलीच नव्हती. तिथून निघालेले तेलाचे ओघळ मागे विमानाच्या पोटापर्यंत गेले होते.

"सापडली! आणि ओघळ काय काढलेत हो! चित्रकलेचा क्लास लावलाय का?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "कुठे?"

"कुठे म्हणे! नाटकात काम करा तुम्ही."

ते उठून आले. एका ओघळावरून त्यांनी बोट फिरवलं, बोट रुमालाला पुसलं आणि रुमालाकडे बघत राहिले.

तोवर ही बया शिडी लावून पंखावर पोचलीसुद्धा. "मास्तर, आज एकावर एक फुकट? डाव्या टाकीचं झाकण साखळीला लोंबतंय!" तिने मापाची काठी टाकीत बुडवली. काठी जवळजवळ कोरडीच वर आली. "अहो, पेट्रोलपण काढलंत? एवढं कधी केलंत?"

"उजवी बघ," मास्तर म्हणाले.

उजवी बघितली. छान भरलेली होती. भिंगरी क्षणभर थबकली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिडीवरून तिने जवळजवळ उडीच मारली, दार उघडून कॉकपिटमध्ये डोकं खुपसलं. टाकीचा खटका डावीवर होता.

"टाकीवाला!" ती आतूनच ओरडली. "मास्तर, अख्खा टाकीवाला रचलात तुम्ही माझ्यासाठी! आई, ऐकलंस का? एक नाही, तीन सापडल्या!"

आईने कुंपणापलीकडून टाळ्या पिटल्या. "मास्तर, आता तरी सोडा हो तिला! घरी आम्हाला जेवू देत नाही ही."

मास्तर पंखाचा आधार घेऊन उभे होते. एरवी खोडी सापडली की ते हातवारे करून त्या वैमानिकाची नक्कल करायचे. आज केली नाही. भिंगरीला वाटलं, हरलेत बिचारे, जरा वेळ जाईल.

"पास ना मी?"

"पास. पैकीच्या पैकी." त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "एकटीच जा. पण आधी मेकॅनिकला हाक मार. सगळं इंजिन उघडून बघू दे त्याला."

"त्याला कशाला त्रास? तुमच्या खोड्या तुम्ही निस्तरा की!"

मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"भिंगरे," ते म्हणाले, "या विमानाला मी आज एकदाच हात लावलाय. सकाळी, नातीला शेजारी बसवून गावावरून चक्कर मारून आणली, तेव्हा."