ऐंशीवा चौकोन

"आजी, काल या चौकोनाच्या तीन बाजू शिवून झाल्या होत्या ना?" सिस्टरने विचारलं.

"वाकडा आला म्हणून उसवला," म्हणत आजींनी जाड सुई डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

आजोबांची शुश्रूषा करायला सिस्टर रोज सकाळी यायची, ती संध्याकाळी जायची. लोकरीचे हे ऐंशी चौकोन आजोबांनीच पडल्यापडल्या विणलेले. हात थकल्यावर ते बायकोला म्हणाले, "आता जोडायचं काम तुझं. पांघरूण पुरं झालं की मी निघालो." एकोणऐंशी चौकोन महिन्याभरात जोडून झाले. मधोमध उरलेल्या शेवटच्याचं मात्र रोज पहिले पाढे पंचावन्न. तीन बाजू व्हायच्या, चौथीला हात घातला की आजींना काहीतरी खुसपट सापडायचं. लोकर कडेला पार पिंजून गेली होती.

नवऱ्याला धरून ठेवायची ही भाबडी युक्ती सिस्टरला केव्हाच कळली होती. तिला आजींबद्दल फार माया वाटे. पण डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली, त्याला चार महिने होऊन गेले होते, आणि कूस बदलतानाही आजोबा कळवळत.

त्या दुपारी आजी औषधं आणायला गेल्या. पांघरूण आजोबांच्या पायांवर होतं. चौकोनाच्या तीन बाजू झाल्या होत्या आणि सुई धाग्यासकट तिथेच लटकत होती.

"पोरी, एवढी एक बाजू शिवून टाक," आजोबा म्हणाले. "सुटू दे मला."

"आजी रागावतील."

"ती? मुळीच नाही रागावणार."

सिस्टरने डोळे पुसले आणि सुई उचलली. आजोबा एकेक टाका ओठांतल्या ओठांत मोजत होते. खिडकी बंद असूनही तिची बोटं गार पडत चालली.

"गाठ पक्की मार," ते म्हणाले.

तिने मारली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं कण्हणं थांबलं. ते तिच्याकडे बघत शांत पडून राहिले.

आजी परतल्या तेव्हा ती दारातच रडवेली झाली. "माफ करा आजी, मी जोडला तो. त्यांचे हाल बघवेनात. तुमचा जीव त्यांच्यात किती अडकलाय, ठाऊक आहे मला."

आजींनी गाठ चाचपली. दोनदा ओढून पाहिली. मग भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या.

"माफी कसली मागतेस, बाई," त्या म्हणाल्या. "हे पहिल्याच दिवशी बोलले होते, शेवटची गाठ जी मारेल तिला सोबत नेणार."