एक मोठा, एक लहान

ही गोष्ट १९८३ सालच्या मे महिन्यातली. धरमपेठेतल्या त्या घरात भर दुपारी कूलर बंद होता. मशीनच्या स्क्रूवर फिरणाऱ्या नटात पोलादी छर्रे भरायचे असले की कूलर लावायचा नाही, हवेतली ओल पोलादाला लागते, हा गोपाळराव दाणींचा नियम. पण गोपाळराव आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते. नटापुढे बसल्या होत्या त्यांच्या पत्नी, यमुताई.

सकाळी गोपाळरावांनी तीनदा प्रयत्न केला होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात कापायचा. चिमट्यातला छर्रा आट्यात बसायच्या आतच निसटायचा. तिसऱ्यांदा बशी उलटली तेव्हा ते उठले.

"रुपराव चारला येईल. त्याला म्हणावं, उघडाच घेऊन जा."

छर्रे न भरता उघडा नट परत गेला असता, तर हिंगण्याच्या कारखान्यांत दोन दिवसांत बोभाटा झाला असता की दाणी संपले. मग दाराशी कोणी आलं नसतं. मशीनचा टेबल केसभरही न चुकता सरकवणारे ते लांब स्क्रू, त्यांची दुरुस्ती, एवढंच तर त्यांच्याजवळ उरलं होतं.

यमुताईंनी दोन वर्षं शेजारी बसून ते काम पाहिलं होतं. त्यांनी फरशीवरचे छर्रे वेचले, मायक्रोमीटरने एकेक मोजून पुन्हा दोन बश्यांत लावले. जुने आटे झिजलेले, म्हणून थोडे मोठे छर्रे हवे होते. मुंबईच्या दुकानदाराने ते सव्वीसच पाठवले होते आणि उरलेले सव्वीस नेहमीच्या मापाचे. फरक डोळ्यांना दिसेल असा नव्हताच. दोन बश्यांतले छर्रे कधी मिसळायचे नाहीत, हाही घरातला नियम होता.

पण नटात लागणार होते बावन्न, म्हणजे दोन्ही बश्या मिळूनच पुरणार होते. मोठे सगळे एकीकडे आले तर नट एका अंगाला कलेल, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ग्रीसमध्ये एक मोठा बसवला, त्याच्याजवळ एक लहान, पुन्हा एक मोठा. घाम हनुवटीवर आला की पदराने टिपायचा आणि पुढचा उचलायचा. चारला दहा मिनिटं कमी असताना नट स्क्रूवर चढला.

रुपराव आला तो उन्हाने लाल होऊन. कारखान्यातला फिटर, मौद्याकडचा. पाणीसुद्धा न मागता त्याने नट धरून फिरवला. मग पुन्हा, उलटा. मग हलवून पाहिला.

"काकू, हे तं पाण्यावानी फिरून राह्यलं! अन् ढिला बी नाही जरासा. साहेब म्हने, बुढ्याच्यानं आता होत नाही, जर्मनीहून नवाच मागवू. आता त्याले दाखवतो. काका कुठं हायेत?"

काका दारात उभे होते. त्यांनी येऊन डाव्या हाताने नट फिरवला. दोनदा. रुपरावच्या चेहऱ्यावर हसू होतं, त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"असा माझा कधी फिरला नाही," ते म्हणाले. "यमू, काय केलंस?"

यमुताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "एक मोठा, एक लहान," त्या म्हणाल्या. "पुरत नव्हते."

"मिसळलेस?"

"हो."

रुपराव एकदा इकडे पाहत होता, एकदा तिकडे. "काका, मले काही समजून नाही राह्यलं. भरलं कोनं?"

गोपाळराव खुर्चीत बसले. नट त्यांनी तिसऱ्यांदा फिरवला. मग म्हणाले, "सगळे सारखे असले की शेजारशेजारचे एकमेकांना घासतात. मधला जरा लहान असला की तो मोकळा फिरतो. चाळीस वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"पन टिकन का?"

"ग्राइंडिंगचं मशीन आहे, भार कमी. टिकेल."

त्यांच्या घरातून जाणाऱ्या प्रत्येक नटाला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असे, छर्रे भरणाऱ्याच्या नावाची. अडकला तर शिव्या कोणाला द्यायच्या ते कळावं, म्हणून. यमुताईंनी ती लिहून ठेवली होती: गो. वि. दाणी. गोपाळरावांनी डाव्या हाताने ती ओढून काढली.

"राहू द्या ना हो," यमुताई हळूच म्हणाल्या. "कोण विचारतंय?"

"रुपराव, पेन काढ. लिही. यमुना गोपाळ दाणी."

रुपरावने पेन काढलं. "काका, साहेब इचारन ना, ह्या कोन म्हनून. घरच्या बाईनं भरलं म्हटलं तं तो मशीनले लावू देईन का?"

"नाही लावू दिला, तर परत घेऊन ये. मी दुसरं नाव देणार नाही."

रुपरावने लिहिलं. मग स्क्रू पोत्यात गुंडाळून तो उन्हात निघाला.

साहेबांनी तीन दिवस तो स्क्रू तसाच ठेवला आणि चौथ्या दिवशी लावला. तो अकरा वर्षं चालला. साहेबांची पुढे बडोद्याला बदली झाली. जायच्या आधी ते एकदा धरमपेठेत येऊन चहा घेऊन गेले, फारसं बोलले नाहीत. रुपराव फोरमन झाला आणि निवृत्तीनंतर मौद्याला जाऊन राहिला. यमुताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनपर्यंत नट भरत होत्या. गोपाळराव त्या उन्हाळ्यानंतर आणखी चार वर्षं होते. रस्त्यात जुन्या ओळखीचं कोणी भेटलं आणि विचारलं, की दाणी, हल्ली काय करता, तर मान ताठ करून सांगायचे, "मी? मी छर्रे पुसून देतो."