शिटीला घाबरणारी ढमी

नवी मांजर हुबेहूब ढमीसारखी होती. आजारी ढमीच्या बदल्यात तिची प्रत मिळावी, असा अर्ज शालनताईंनी स्वतःच कंपनीकडे केला होता.

"मूत्रपिंडं ठणठणीत, आठवणी सगळ्या भरल्यात," कंपनीचा माणूस म्हणाला. "कुकरच्या शिटीची भीती तेवढी काढून टाकलीय. आता जुनी आमच्या ताब्यात द्या, मावशी."

तेवढ्यात शिटी झाली. नवी मांजर निवांत पंजा चाटत राहिली. आजारी, आंधळी ढमी मात्र धडपडत आली आणि शालनताईंच्या मांडीत शिरली.

त्यांनी तिला पदराखाली घेतलं. "नवी परत ने."

"मावशी, जुनी महिनाभरही काढायची नाही."

"मग महिनाभर माझ्याच मांडीत घाबरू दे तिला. तुझी ती धीट मांजर उचल आणि जाताना दार ओढून घे. मला आता उठता येणार नाही."